परदेशी मदतीने गरीब देशांचं भलं होतं का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परदेशी मदत म्हणजे नेमकं काय?

श्रीमंत देशाच्या सरकारने विकसनशील देशाला दिलेलं अनुदान, बाजारापेक्षा बऱ्याच कमी व्याजाचं कर्ज, किंवा औषधं, बियाणं, धान्य, तज्ज्ञ अशा रूपात केलेलं साहाय्य. लष्करी साहाय्य यात धरत नाहीत. स्वस्त कर्ज मात्र धरतात, आणि हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनसाठी जपानने ०.१ टक्का व्याजाने, ५० वर्षांच्या मुदतीने दिलेलं कर्ज जपानच्या हिशेबात विकास-मदतच आहे. जागतिक बँक, युनिसेफ, जागतिक आरोग्य संघटना यांच्यामार्फत येणारा पैसाही यातलाच. खासगी प्रतिष्ठानांच्या देणग्या सरकारी आकडेवारीत वेगळ्या मोजल्या जातात, पण परिणामांची चर्चा करताना त्या बाजूला ठेवता येत नाहीत, म्हणून इथे त्याही घेतल्या आहेत.

ही रक्कम फार मोठी आहे का?

ऐकायला मोठी, जगाच्या मानाने लहान. २०२३ मध्ये श्रीमंत देशांची अधिकृत मदत २२३ अब्ज डॉलरच्या आसपास होती. त्यातला जवळपास १४ टक्के पैसा देणाऱ्या देशांच्या सीमेबाहेर गेलाच नाही. त्यांच्याकडे आलेल्या निर्वासितांच्या राहण्याखाण्यावर तो खर्च झाला आणि तरी 'मदत' म्हणून मोजला गेला. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १९७० मध्येच ठरवलं होतं की श्रीमंत देशांनी राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्के मदत द्यावी. नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क, लक्झेंबर्ग असे मोजकेच देश ते पाळत आले. अमेरिकेत सर्वेक्षण घेतलं की लोक सांगत, आपल्या केंद्रीय अर्थसंकल्पाचा पाव भाग मदतीवर जातो. प्रत्यक्षात तो एक टक्क्याच्या आसपास होता.

त्याच २०२३ मध्ये परदेशी कामाला गेलेल्या माणसांनी कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतल्या आपल्या घरी साडेसहाशे अब्ज डॉलरच्या घरात पैसे पाठवले. रत्नागिरी-रायगडातल्या ज्या गावांत आखातातून मनीऑर्डरी आणि ड्राफ्ट येत आले, त्यांना याचा अर्थ समजावून सांगायला नको.

थोडक्यात सांगा, उपयोग होतो की नाही?

रोग हटवण्यात, लशी पोचवण्यात, बाळंतिणींचे आणि तान्ह्या मुलांचे जीव वाचवण्यात होतो. त्याचे पुरावे भक्कम आहेत. एखादा देश श्रीमंत करण्यात किंवा तिथला कारभार सुधारण्यात होतो, याचा पुरावा कमकुवत आहे. माझं मत पुढच्या उत्तरांतून दिसेलच, पण आधीच सांगून ठेवतो. मदत किती आली यापेक्षा ती थांबल्यावर तिथल्या माणसांच्या हातात काय उरलं, यावरून तिला जोखावं. दुरुस्ती जाणणारा कारागीर उरला का? आरोग्यसेविकेचा पगार देणारं कुणी उरलं का? स्वतःचं भांडवल असलेली संस्था उरली का?

सर्वांत मोठं यश कोणतं?

देवी रोगाचं उच्चाटन. १९६७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मोहीम तीव्र केली तेव्हा जगात वर्षाला एक ते दीड कोटी लोकांना देवी येत होत्या. ऑक्टोबर १९७७ मध्ये सोमालियात शेवटचा नैसर्गिक रुग्ण सापडला आणि १९८० मध्ये रोग संपल्याचं जाहीर झालं. शीतयुद्ध ऐन भरात असताना सोव्हिएत संघाने एक अब्जाहून जास्त डोस दिले आणि अमेरिकेने तज्ज्ञ आणि पैसा दिला.

या मोहिमेची एक बाजू कमी सांगितली जाते. सगळा खर्च सुमारे ३० कोटी डॉलर होता आणि त्यातला बाहेरून आलेला पैसा साधारण एक तृतीयांश. उरलेले दोन तृतीयांश ज्या देशांत रोग होता त्यांनीच घातले. भारतात तर कामच इथल्या माणसांनी केलं. १९७४ मध्ये बिहारमध्ये भयंकर साथ होती. सरसकट टोचणीऐवजी रुग्ण शोधायचा आणि त्याच्याभोवतीच्या सगळ्यांना टोचायचं अशी पद्धत होती. त्यासाठी हजारो आरोग्य कर्मचारी घरोघर फिरले. रुग्ण संपत आले तशी खबर देणाऱ्याच्या बक्षिसाची रक्कम वाढवत १,००० रुपयांपर्यंत नेली. मे १९७५ मध्ये भारतातला शेवटचा रुग्ण सापडला. बाहेरून आली ती लस, दुतोंडी सुई आणि रोगाचा मागोवा घेण्याची शिस्त. पाय इथल्या माणसांचे होते.

याच जातीची आणखी यशं आहेत. आफ्रिकेत २००० ते २०१५ दरम्यान मलेरियाविरोधी उपायांनी सुमारे ६६ कोटी आजारपणं टळली असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. त्यातला दोन तृतीयांशाहून जास्त वाटा औषध लावलेल्या मच्छरदाण्यांचा, आणि त्या बहुतांश मदतीच्या पैशातून वाटल्या गेल्या. एचआयव्हीवरच्या औषधांसाठी अमेरिकेने २००३ मध्ये सुरू केलेल्या कार्यक्रमाने अडीच कोटी जीव वाचवल्याचा त्या सरकारचा दावा आहे. नेमक्या आकड्यावर वाद घाला, पण त्या वेळी दक्षिण आफ्रिका, बोत्स्वाना, युगांडा इथे तरुण माणसं कशी मरत होती आणि नंतर ते कसं थांबलं, हे जगाने पाहिलं आहे. नारू म्हणजे दूषित पाण्यातून होणारा कृमीरोग. १९८० च्या दशकाच्या मध्यात त्याचे जगात दरवर्षी ३५ लाख रुग्ण होते. आता ते बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत. त्यावर लस नाही की औषध नाही. पाणी गाळून प्यायचं, पायऱ्यांच्या विहिरीत उतरायचं नाही, मुख्यतः एवढंच शिकवून तो जवळजवळ गेला.

मग इतकी वर्षं मदत घेणारे देश श्रीमंत का झाले नाहीत?

काही झाले. दक्षिण कोरियाची आयात १९५० च्या दशकात मोठ्या प्रमाणावर अमेरिकी मदतीवर चालत होती. २०१० मध्ये तोच देश मदत देणाऱ्यांच्या अधिकृत समितीचा सदस्य झाला. बोत्स्वाना १९६६ मध्ये स्वतंत्र झाला तेव्हा सरकारी खर्च भागवायलाही ब्रिटनचं अनुदान लागे. पहिले राष्ट्राध्यक्ष सेरेत्से खामा यांच्या सरकारने ते नियोजनाने वापरलं आणि हिऱ्यांचा पैसा येताच अनुदान सोडलं. दुसऱ्या टोकाला हुकूमशहा मोबुटूंचं झैर, म्हणजे आजचं काँगो लोकशाही प्रजासत्ताक. १९६५ ते १९९७ या काळात तिथे पाश्चात्त्य देश पैसा ओतत राहिले, कारण मोबुटू सोव्हिएत गोटात जाऊ नयेत एवढीच त्यांची अपेक्षा होती. रस्ते उखडत गेले, राजवाडे उभे राहिले.

अर्थशास्त्रज्ञांनी मदत आणि आर्थिक वाढ यांचा संबंध आकडेवारीतून शोधण्याचा खूप प्रयत्न केला. २००० मध्ये क्रेग बर्नसाइड आणि डेव्हिड डॉलर या अर्थशास्त्रज्ञांनी मांडलं की धोरणं चांगली असतील तिथे मदतीने वाढ होते. चारच वर्षांनी ईस्टरली आणि सहकाऱ्यांनी त्याच पद्धतीत जास्त वर्षांची माहिती घातली आणि तो निष्कर्ष टिकला नाही. मूळ अडचण अशी की मदत बहुधा अडचणीतल्या देशालाच जाते, त्यामुळे मदत आणि दुरवस्था एकत्र दिसतात. दवाखान्यात आजारी माणसं जास्त दिसतात म्हणून दवाखाना आजार पसरवतो असं कुणी म्हणत नाही.

नोबेल विजेते अर्थशास्त्रज्ञ अँगस डीटन यांचा आक्षेप मला सगळ्यांत गंभीर वाटतो. सरकारला खर्चासाठी पैसा परदेशातून मिळाला, तर त्याला लोकांकडून कर मागावा लागत नाही. ज्याच्याकडून कर घेत नाही त्याला हिशेबही द्यावा लागत नाही. महाराष्ट्रात याच्या अगदी उलट घडलेलं आहे. १९७२ च्या दुष्काळात मे १९७३ च्या सुमारास जवळपास ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती आणि तो खर्च मुख्यतः आपल्याच तिजोरीतून झाला. पुढे वि. स. पागे यांच्या आग्रहातून आलेल्या रोजगार हमी योजनेसाठी शहरातल्या पगारदारांवर व्यवसाय कर लावला गेला. जो कर भरतो तो विचारतो, आणि ज्याला कायद्याने काम मागता येतं तो मोर्चा घेऊन तहसीलदाराकडे जातो. अनुदानावर चाललेल्या योजनेत ही दोन्ही माणसं सहसा नसतात.

देणगीदार निघून गेल्यावर प्रकल्प बंद का पडतात?

पाण्याच्या पंपांची गोष्ट पाहा, तीत सगळं आहे.

दक्षिण आफ्रिकेत एक कल्पना निघाली. मुलांचा गोल फिरणारा पाळणा पंपाला जोडायचा. मुलं खेळतील आणि पाणी वर येईल. त्याचं नाव प्लेपंप. २००६ मध्ये अमेरिकेत मोठ्या थाटात १ कोटी ६४ लाख डॉलर जाहीर झाले आणि २०१० पर्यंत ४,००० पंप बसवायचं ठरलं. एका पंपाचा खर्च साधारण १४,००० डॉलर, म्हणजे साध्या हातपंपाच्या कितीतरी पट. मुलं थोडा वेळ खेळून थांबत आणि मग म्हाताऱ्या बायांना तो पाळणा हाताने ढकलावा लागे. एका ब्रिटिश वृत्तपत्राने हिशेब मांडला की ठरलेल्या लोकसंख्येला पाणी पुरवायचं तर मुलांना दिवसाला २७ तास खेळावं लागेल. मोडला तर सुटे भाग मिळेनात, गावात दुरुस्तीही येईना. काही ठिकाणी चालते हातपंप काढून त्यांच्या जागी हे बसवले होते, हे तर अक्षम्य. २०१० पर्यंत ती संस्था गुंडाळली गेली.

आता दुसरा पंप, आपल्याकडचा. १९६० च्या दशकातल्या दुष्काळानंतर युनिसेफने भारतात विंधन विहिरी खणायची यंत्रं आणली. विहिरी भराभर झाल्या, पण त्यांवर बसवलेले बिडाचे हातपंप परदेशातल्या शेतघरांसाठीच्या नमुन्यांवर बेतलेले होते. एका कुटुंबाने दिवसातून थोडं पाणी उपसायचं, एवढाच त्यांचा आवाका. आपल्याकडे पहाटेपासून रात्रीपर्यंत अख्खं गाव त्यावर तुटून पडायचं. १९७४ मध्ये युनिसेफने पाहणी केली तेव्हा सुमारे तीन चतुर्थांश पंप बंद आढळले. इतका पैसा जमिनीत गेला होता आणि बाया पुन्हा जुन्या विहिरीवर जात होत्या.

उत्तर मराठवाड्यात आणि सोलापुरात आधीच तयार होत होतं. जालन्याच्या मिशनमधल्या लोकांनी पोलादी, एकाच खिळीवर फिरणाऱ्या दांड्याचा मजबूत पंप बनवला होता. सोलापुरात त्यात सुधारणा झाली. युनिसेफच्या अभियंत्यांनी स्वतःचा नवा नमुना लादण्याऐवजी हा सोलापूर पंप पायाला घेतला. कोइमतूरजवळ चाचण्या झाल्या, रिचर्डसन अँड क्रुडास या कंपनीने १९७७-७८ च्या सुमारास उत्पादन सुरू केलं आणि त्याचं नाव पडलं इंडिया मार्क टू. कोणत्याही साध्या कारखान्यात बनेल अशी रचना, एकाधिकार कुणाचाच नाही, सरकारी मानक ठरवलेलं, आणि दुरुस्तीसाठी गावातला राखणदार, तालुक्याचा मिस्त्री, जिल्ह्याचं पथक अशी साखळी. आज गावोगाव दिसणारा हापसा तो हाच. लाखोंनी बनला आणि पुढे आफ्रिकेतही गेला.

आफ्रिकेत गेल्यावर काय झालं? तोच पंप, पण साखळी नाही. २००९ च्या सुमाराच्या अंदाजानुसार सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या देशांत दर तीनांतला एक हातपंप कोणत्याही वेळी बंद असे. नळीतला वायसर झिजला की बदलायचा कुणी आणि त्याचे पैसे कुणी द्यायचे, हे ठरलेलंच नव्हतं. देणगीदाराच्या अहवालात 'बसवलेले पंप' हा रकाना असतो. 'पाच वर्षांनी चालू असलेले पंप' हा रकाना क्वचितच दिसतो. मदतीच्या कारभारात एकच गोष्ट बदलता आली तर मी हा रकाना सक्तीचा करीन.

फुकट धान्य वाटल्याने तिथला शेतकरी बुडतो का?

बुडू शकतो. हैतीचं उदाहरण सगळ्यांत ठळक आहे. १९९५ मध्ये बाहेरच्या दबावाखाली हैतीने तांदळावरचं आयात शुल्क ३५ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आणलं. अनुदान मिळणारा अमेरिकी तांदूळ बाजारात आला आणि तिथली भातशेती मोडली. २०१० मध्ये बिल क्लिंटन यांनी सिनेटच्या समितीपुढे या धोरणाबद्दल जाहीर माफी मागितली.

भारतानेही हे दुखणं सोसलं आहे. १९५६ च्या करारापासून पीएल-४८० या अमेरिकी अन्नमदत कायद्याखाली तिथला गहू येऊ लागला. किमती पडल्या की शेतकऱ्याला जास्त पिकवण्यात रस उरत नाही, ही टीका तेव्हाच झाली होती. पण खरा चटका बसला १९६५-६६ मध्ये. लागोपाठ दुष्काळ पडले, वर्षाला एक कोटी टनांहून जास्त धान्य आयात करावं लागलं, आणि राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी जहाजं महिन्या-महिन्याच्या हिशेबाने सोडायला सुरुवात केली, कारण भारताची व्हिएतनामवरची भूमिका त्यांना खटकत होती आणि शेतीधोरणही बदलून हवं होतं. तो अपमान दिल्लीतल्या माणसांच्या जिव्हारी लागला. कृषिमंत्री सी. सुब्रमण्यम यांनी १९६६ मध्ये मेक्सिकोहून १८,००० टन गव्हाचं बियाणं आणलं. स्वामिनाथन आणि बोरलॉग या कृषिशास्त्रज्ञांचं काम त्यामागे होतं, आणि रॉकफेलर या अमेरिकी प्रतिष्ठानचा पैसाही. १९६४-६५ मध्ये सव्वा कोटी टनांच्या आसपास असलेला गहू १९७१-७२ मध्ये अडीच कोटी टनांच्या पुढे गेला. गहू देणारी मदत आणि बियाण्यामागची मदत एकाच देशातून, एकाच काळात आली, आणि दोन्हींचे परिणाम इतके वेगळे झाले.

(गाजर गवत पीएल-४८० च्या गव्हातून आलं असं आपल्याकडे सर्रास सांगतात. पुण्यात त्याची नोंद १९५५ च्या सुमाराची आहे आणि करार १९५६ चा. मात्र १९५१ मध्येही अमेरिकेचा गहू कर्जाऊ आला होता, त्यामुळे तो वाद इथे मिटणार नाही.)

फुकट मालाचं सोनं कसं करायचं हे मात्र दुधात दिसलं. युरोपात दूध पावडर आणि लोण्याचे ढीग साचले होते आणि ते इथे फुकट वाटले गेले असते तर आणंदपासून कोल्हापूरपर्यंतचा दूध उत्पादक संपला असता. वर्गीस कुरियन यांनी तो माल मागून घेतला, पण फुकट वाटला नाही. १९७० पासून ऑपरेशन फ्लडमध्ये युरोपातून जागतिक अन्न कार्यक्रमामार्फत आलेली पावडर आणि बटर ऑइल शहरांतल्या डेअऱ्यांना पैसे घेऊन विकलं गेलं आणि त्या पैशातून दूध संघ, शीतकरण केंद्रं, टँकर उभे राहिले. पहिल्या टप्प्यात १८ दूध क्षेत्रं मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास या चार शहरांना जोडली गेली. मदत संपली तेव्हा मागे संघ होते, त्यांचे मालक शेतकरी होते आणि भांडवल त्यांचं होतं. परदेशी मदत कशी घ्यावी याचं याहून चांगलं उदाहरण मला जगात दिसत नाही.

मदतीचे पैसे नेते खातात का?

काही खातात. मदतीवर सर्वाधिक अवलंबून असलेल्या २२ देशांचा अभ्यास जागतिक बँकेशी संबंधित संशोधकांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केला. बँकेचा पैसा आला की त्याच सुमारास त्या देशांतून गुप्त खात्यांच्या ठिकाणी ठेवी वाढत, आणि त्यांच्या अंदाजाने ही गळती सरासरी साडेसात टक्के होती. हे चीड आणणारं आहे. मात्र 'सगळेच पैसे खाल्ले जातात' हेही त्यातून खोटं ठरतं.

उपाय कधीकधी साधा असतो. युगांडात १९९१ ते १९९५ दरम्यान सरकारने शाळांना पाठवलेल्या अनुदानातले सरासरी १३ टक्केच शाळेत पोचत होते. हे उघड झाल्यावर प्रत्येक जिल्ह्याला किती पैसे पाठवले ते वृत्तपत्रात छापायला आणि शाळेच्या दारावर लावायला सुरुवात झाली. काही वर्षांत ८० टक्क्यांहून जास्त पैसे पोचू लागले. त्याच काळात इतर सुधारणाही चालू होत्या, म्हणून सगळं श्रेय कागदाच्या त्या तुकड्याला देता येत नाही. पण पालकाला आकडा कळला की तो विचारायला येतो.

त्यापेक्षा गरिबांच्या हातात थेट पैसे दिले तर?

बऱ्याच बाबतीत हा चांगला मार्ग आहे. केनियाच्या सियाया भागात १०,५०० हून जास्त गरीब कुटुंबांना प्रत्येकी सुमारे १,००० डॉलर बिनशर्त दिले गेले. ते पैसे दुकानदार, सुतार, शेतमजूर असे फिरत गेले आणि दिलेल्या प्रत्येक डॉलरमागे स्थानिक उत्पन्नात सुमारे अडीच डॉलरची भर पडली. महागाई जवळजवळ वाढली नाही. लोक पैसे दारूत उडवतात हा समज अनेक देशांतल्या अभ्यासांनी खोडून काढला आहे. पण रोख पैशाने लस तयार होत नाही, की तालुक्याला डॉक्टर येत नाही.

परिणाम मोजतात कसा?

काही गावांत योजना राबवायची, तशाच दुसऱ्या गावांत नाही, आणि कुठे राबवायची हे चिठ्ठ्या टाकून ठरवायचं. मग दोन्हींत फरक किती ते पाहायचं. या पद्धतीसाठी अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि मायकेल क्रेमर यांना २०१९ चा नोबेल मिळाला. बॅनर्जींचा जन्म मुंबईचा आणि त्यांच्या आई निर्मला या माहेरच्या पाटणकर. उदयपूर जिल्ह्यातला त्यांचा प्रयोग प्रसिद्ध आहे. काहीच न केलेल्या गावांत ६ टक्के मुलांचं लसीकरण पूर्ण झालं. नियमित शिबिरं भरवली तिथे १८ टक्के, आणि शिबिरासोबत दर वेळी किलोभर डाळ आणि शेवटी ताटांचा संच दिला तिथे ३९ टक्के.

महाराष्ट्रात या धर्तीची दोन कामं जगभर पोचली. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च'ने ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं आणि शेजारच्या ४७ गावांशी तुलना केली. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूदर ६२ टक्क्यांनी कमी दिसला. त्याला पैसा मॅकआर्थर या अमेरिकी प्रतिष्ठानाकडून आला होता, पण प्रश्न, उत्तर आणि माणसं गडचिरोलीचीच. आज देशभरातल्या आशा ताई घरोघर जाऊन बाळ तपासतात, त्याच्या मुळाशी हे काम आहे. दुसरं काम 'प्रथम'चं. माधव चव्हाण आणि फरिदा लांबे यांनी मुंबईच्या वस्त्यांत युनिसेफच्या मदतीने सुरुवात केली आणि मुलांना इयत्तेऐवजी त्यांच्या वाचनाच्या पातळीनुसार बसवण्याची रीत आता झांबियासारख्या देशांतल्या सरकारी शाळांत चालते.

या पद्धतीला मर्यादा आहेत. गावातली योजना तिने मोजता येते; व्यापारधोरण किंवा भूमीसुधारणा नाही. दक्षिण कोरियाचा उत्कर्ष चिठ्ठ्या टाकून तपासता आला नसता.

आपत्तीनंतरच्या मदतीचं काय?

तातडीची मदत जीव वाचवते, यात वाद नाही. पुनर्वसन अवघड असतं. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात सुमारे आठ हजार माणसं गेली. जागतिक बँकेने २४.६ कोटी डॉलरचं कर्ज दिलं आणि मोठा पुनर्वसन कार्यक्रम झाला. सर्वाधिक हानी झालेली बावन्न गावं नव्या जागी वसवली. सरळ रस्ते, सारख्या आकाराचे प्लॉट, पण शेत लांब, गुरांना जागा नाही, उन्हाळ्यात तापणारी सिमेंटची घरं, आणि गल्लीच्या तोंडाशी बसायची सवय असलेल्या बायांना बसायला कोपरा नाही. पुढच्या अभ्यासांत लोकांनी हीच तक्रार पुन्हा पुन्हा केली. ज्या गावांत जुनीच घरं जागेवर दुरुस्त आणि मजबूत करायची होती तिथे घरमालक स्वतः कामात होते, आणि महिला मंडळांतल्या बाया संवाद सहायक म्हणून नेमल्या गेल्या. तो अनुभव २००१ मध्ये कच्छच्या भूकंपात कामी आला. तिथे बहुतेकांना पैसे आणि तांत्रिक सल्ला देऊन स्वतःचं घर स्वतः बांधू दिलं.

हैतीत २०१० च्या भूकंपानंतर हे शहाणपण कुणी वापरलं नाही. अमेरिकन रेड क्रॉसकडे सुमारे अर्धा अब्ज डॉलर जमले. २०१५ मध्ये पत्रकारांनी दाखवलं की त्यातून कायमची घरं सहा बांधली गेली. निवाऱ्याची इतर कामं बरीच केली, असं संस्थेचं उत्तर होतं. त्याहून वाईट म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसैनिकांच्या तळावरून कॉलरा पसरला आणि सुमारे दहा हजार माणसं मेली. आपला वाटा मान्य करायला संयुक्त राष्ट्रांना २०१६ उजाडलं.

देणाऱ्या देशांचा स्वार्थ असतो ना?

असतो. अमेरिकी अन्नमदतीचा निम्मा माल अमेरिकी जहाजांतूनच न्यावा लागतो, त्यामुळे वाहतुकीतच बराच पैसा जातो. ब्रिटनने मलेशियातल्या पेर्गाऊ धरणाला दिलेली मदत शस्त्रविक्रीशी जोडलेली निघाली आणि १९९४ मध्ये तिथल्या न्यायालयाने ती बेकायदा ठरवली. पुढे ब्रिटनने मदत आपल्याच कंपन्यांशी बांधणं सोडून दिलं. स्वार्थ असला तरी लस लागू पडते; फक्त आपण कशाला सही करतोय ते घेणाऱ्याने नीट वाचायला हवं.

चीनचं काय?

चीनचा बराचसा पैसा बाजारभावाच्या जवळच्या व्याजाचं कर्ज असतो, त्यामुळे तो मदतीच्या व्याख्येत बसत नाही. रस्ते आणि बंदरं लवकर उभी राहतात, अटी गुप्त राहतात.

भारत अजून मदत घेतो का?

२००३ मध्ये भारताने छोट्या देणगीदार देशांना यापुढे मदत नको असं कळवलं. २००४ च्या त्सुनामीत परदेशी सरकारांची मदत नाकारली. ब्रिटनने २०१५ मध्ये पारंपरिक अनुदान थांबवलं. स्वस्त कर्ज मात्र भारत घेतो. जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या अटल सेतूला आणि मुंबई मेट्रोच्या तिसऱ्या मार्गिकेला जपानचं कर्ज आहे. भारत स्वतःही देतो. १९६४ पासून आयटेक या सरकारी कार्यक्रमाखाली इतर देशांच्या अधिकाऱ्यांना इथे प्रशिक्षण मिळतं, भूतानमध्ये जलविद्युत प्रकल्प उभे राहिले, अफगाणिस्तानात सलमा धरण बांधलं. त्या कामांनाही इथले सगळे प्रश्न लावायला हवेत. अजून ते फारसे कुणी लावत नाही.

२०२५ मधल्या कपातीचा परिणाम काय?

२० जानेवारी २०२५ ला अमेरिकेने मदत गोठवली, मार्चमध्ये ८३ टक्के कार्यक्रम रद्द केल्याचं सांगितलं आणि १ जुलैपासून यूएसएड ही मदत देणारी सरकारी संस्थाच बंद झाली. ब्रिटनने २०२७ पर्यंत मदत राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.३ टक्क्यावर आणायचं ठरवलं. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकातल्या एका अभ्यासाने ही कपात कायम राहिली तर २०३० पर्यंत १ कोटी ४० लाख जादा मृत्यू होतील असा अंदाज दिला. तो अंदाज आहे, मोजणी नाही. पण औषधाची साखळी तुटली की एचआयव्हीच्या रुग्णाचं काय होतं हे वैद्यकाला चांगलं ठाऊक आहे. आपल्या इथेही झळ लागली. हैदराबाद, ठाणे आणि पुण्यात तृतीयपंथीयांसाठी चालणारे दवाखाने बंद पडले.

मदत वाईट रीतीने चालते म्हणून ती बंद करावी असं म्हणणाऱ्यांना मला इतकंच विचारायचं आहे की आधी बंद काय झालं. परिणाम सिद्ध झालेली आरोग्यसेवा आधी गेली. एखाद्या सरकारने कामं हळूहळू स्वतःकडे घ्यावीत यासाठी पाच-दहा वर्षांचं वेळापत्रक ठरवता आलं असतं. इथे काही आठवड्यांत सगळं झालं.

मला स्वतःला द्यायचं असेल तर?

आपत्तीत कपडे पाठवू नका. त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पडून राहिले. पैसे द्या, आणि तिथे आधीपासून काम करणाऱ्या संस्थेला द्या. पाच वर्षांपूर्वीच्या कामाचं आज काय झालं ते विचारा. ज्यांना सांगता येतं त्यांना द्यायला हरकत नाही, मग ते उत्तर अपयशाचं असलं तरी.

परदेशात राहणाऱ्या मराठी वाचकांसाठी एक व्यावहारिक बाब. तुमच्याकडे भारतीय पासपोर्ट असेल आणि स्वतःच्या बचतीतून नेहमीच्या बँकेमार्फत पैसे पाठवत असाल, तर ती परकीय देणगी धरली जात नाही. नागरिकत्व बदललं असेल, ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड असलं तरीही, तुमची देणगी परकीय ठरते. मग संस्थेची एफसीआरए, म्हणजे परकीय देणगी कायद्याखालची, नोंदणी लागते आणि पैसे तिच्या दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या ठरावीक खात्यातच जमा करावे लागतात. २०२० च्या दुरुस्तीनंतर तो पैसा संस्थेला दुसऱ्या छोट्या संस्थेकडे वळवता येत नाही, म्हणून गावातल्या एखाद्या लहान गटाला द्यायचं मनात असेल तर त्याची स्वतःची नोंदणी आहे का हे आधी पाहा.